ब्रेव्हिसची किंमत शेजारीण ठरवते: जुन्या युरोपीय संगीताकडे वळणाऱ्यांसाठी

ग्रेगोरियन चांट, ऑर्गनम, मोतेत, माद्रिगाल, ऑपेरा ही युरोपीय गायनप्रकारांची माळ तुम्हाला पाठ आहे असं मी धरून चालते. ग्रेडच्या थिअरीत ती घोटून घेतलेली असते. स्टाफ नोटेशन वाचता येतं, पियानो नाहीतर व्हायोलिन बऱ्यापैकी चालतं, किंवा माझ्यासारखी हिंदुस्थानी गाण्याची बैठक आहे, आणि मग कधीतरी जोस्कँ दे प्रे या १५०० च्या आसपासच्या रचनाकाराचं काही कानावर पडून डोकं फिरलंय. अशांसाठी हे लिहितेय.

आधी एक हट्टाचं मत. इतिहासाच्या क्रमाने शिकू नका. चांटपासून निघायचं आणि १७५० मध्ये बाखच्या मृत्यूपाशी पोचायचं असा बेत बहुतेक जण आखतात. बाराव्या शतकाच्या अखेरीला पॅरिसच्या नोत्र दामपाशी, पेरोतँच्या चार आवाजी ऑर्गनमपुढे, त्यांची दमछाक होते आणि पुस्तक कपाटात जातं. तुम्ही १५०१ पासून सुरू करा. त्या वर्षी व्हेनिसमध्ये ओत्ताव्हियानो पेत्रुच्चीने ‘ओधेकातोन’ हा संग्रह काढला. सुट्या खिळ्यांनी छापलेलं बहुस्वरी, म्हणजे एकाच वेळी अनेक आवाजांच्या, संगीताचं हे पहिलं पुस्तक. नावात शंभर गाण्यांची बढाई आहे, आत भरतात ९६. छपाई मात्र अशी स्वच्छ की हस्तलिखितांवर डोळे फोडण्याआधी लिपी बसवायला याहून बरं काही नाही. आयएमएसएलपी या नोटेशनच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. तिथून मागे पंधराव्या शतकातल्या द्यूफाय आणि चौदाव्या शतकातल्या माशो या रचनाकारांकडे जा, पुढे १६०० नंतरच्या मोंतेवेर्दीकडे या. दोन्हीकडचे रस्ते छोटे पडतात.

आता सापळा. यावर मी जरा जास्तच बोलणार आहे, कारण यात मी पुरती अडकले होते आणि माझ्यानंतर आलेली बरीच मुलंही इथेच अडकताना बघितली आहेत.

आपल्या ओळखीच्या नोटेशनमध्ये आकार बघितला की लांबी कळते. क्रॉचेट एक, मिनिम दोन, संपलं. पण १२८० च्या आसपास कोलोनच्या फ्रांकोने ज्या लिपीचे नियम नीट मांडले, चौदाव्या शतकात फिलिप द व्हित्रीच्या पिढीने जी वाढवली आणि सोळाव्या शतकातही गायक जी वाचत होते, तिच्यात आकार अर्धीच माहिती देतो. ओळीच्या सुरुवातीला पूर्ण वर्तुळ असेल तर ब्रेव्हिस या चौकोनी नोटेत तीन सेमिब्रेव्हिस, म्हणजे तिच्याहून लहान नोटा, बसतात. अर्धवर्तुळ असेल तर दोन. इथवर कोणीही वाचेल. गंमत वर्तुळाखाली सुरू होते.

ब्रेव्हिसच्या पुढे ब्रेव्हिसच आली, तर पहिली तीनची. पुढे एकच सेमिब्रेव्हिस आणि मग पुन्हा ब्रेव्हिस आली, तर पहिली ब्रेव्हिस दोनाची होते, कारण त्या सेमिब्रेव्हिसने तिचा एक हिस्सा घेतला. मध्ये दोन आल्या, तर ब्रेव्हिस तीनचीच राहते, पहिली सेमिब्रेव्हिस एकाची, आणि दुसरी, दिसायला हुबेहूब तशीच, दोनाची. मध्ये तीन आल्या तर सगळं जागच्या जागी. चार आल्या तर पहिली मागच्या ब्रेव्हिसला कापते आणि उरलेल्या तिघी आपला गट करतात. हे पुन्हा वाचा. खरंच पुन्हा वाचा, कारण पहिल्या वाचनात ‘कळलं’ असं वाटतं आणि गाताना काहीही कळलेलं नसतं.

वर टिंबाचा घोळ. आपल्याला टिंब म्हणजे दीडपट. इथे सेमिब्रेव्हिसनंतरचं टिंब तिला दीडपट करू शकतं, आणि त्याच ओळीत दुसरीकडे असलेलं टिंब कशाचीही लांबी वाढवत नसतं. ते फक्त तीनचा गट इथे संपला एवढंच सांगत असतं. दोन्ही टिंबं दिसायला सारखीच. कुठलं कोणतं हे आजूबाजूच्या नोटा मोजूनच ठरतं.

म्हणजे नजर एक-एक नोट टिपत पुढे सरकून भागत नाही. आधी पुढची ब्रेव्हिस शोधायची, मध्ये किती जणी आहेत ते बघायचं, मागे येऊन किंमत ठरवायची, आणि हे सगळं गाता गाता. मी आल्टसचा, म्हणजे वरून दुसऱ्या आवाजाचा, भाग गात होते. दोन सेमिब्रेव्हिस दिसल्या, दोन्ही एकेकाच्या म्हणून टाकल्या आणि बाकीच्यांच्या एक मात्रा आधी शेवटच्या स्वरावर जाऊन उभी राहिले. बारलाइन नाही, दुसऱ्याचा भाग खाली दिसत नाही, त्यामुळे कुठे सुटले ते शोधायलाही काही हातात नव्हतं.

उपाय कंटाळवाणा आहे, पण आहे. फॅक्सिमिलीची, म्हणजे मूळ पानाच्या हुबेहूब छायाप्रतीची, मोठी छापील प्रत काढा, पेन्सिलने तीन-तीनचे गट आखा, स्वर न लावता नुसते बोलून म्हणा आणि हात खाली-वर करत टॅक्टस, म्हणजे ठेका, धरा. मग ते गट खोडा आणि परत म्हणा. खोडण्याची पायरी टाळणाऱ्याला लिपी येत नाही, त्याला फक्त स्वतःच्या खुणा वाचता येतात.

आधुनिक आवृत्त्या वाईट नसतात. पण त्यात संपादकाने मूल्यं निम्मी किंवा पाव केलेली असतात, क्लेफ बदललेले असतात, बारलाइन घातलेल्या असतात आणि न लिहिलेले शार्प-फ्लॅट स्वतःच्या अंदाजाने नोटेच्या वर टाकलेले असतात. दुसऱ्याने सोडवून ठेवलेला पेपर आहे तो. ताळा करायला घ्या, अभ्यासाला नको.

याच्याशी जोडलेला दुसरा शॉर्टकट म्हणजे द्यूफायच्या खाली रोमन आकडे लिहून ‘कॉर्ड अ‍ॅनालिसिस’ करणं. याची मला मनापासून चीड आहे. कॉर्डला मूळ स्वर असतो आणि उलटापालट केली तरी तो तोच राहतो ही मांडणी पक्की होते फ्रेंच रचनाकार रामोच्या १७२२ च्या ग्रंथात. द्यूफायने फ्लोरेन्सच्या कॅथिड्रलच्या अभिषेकासाठी मोतेत लिहिलं १४३६ मध्ये. त्या काळच्या मोठ्या कॉयरबुकात समोरासमोरच्या दोन पानांवर चार आवाज वेगवेगळे लिहिलेले असत, वरचा आवाज डाव्या पानावर वर, तेनोर त्याच्या खाली, उरलेले दोन उजवीकडे. उभा छेद कोणाच्याच डोळ्यांसमोर नव्हता, तो फक्त कानात होता. म्हणून सहाव्याचं अंतर उघडून आठव्यावर कसं जातं, तिसरं उघडून पाचव्यावर कसं जातं, हे दोन-दोन आवाजांत ऐकायला शिका. शेवट कुठे आला ते त्यातून कळतं.

घाबरलात? थोडं थांबा, इथे आपल्या बाजूचं एक माप आहे. तानपुऱ्यावर कान तयार झाला असेल तर तुम्ही बऱ्याच युरोपीय विद्यार्थ्यांच्या पुढे आहात. तानपुऱ्यातून आपोआप उमटणारा गंधार साधारण ३८६ सेंटचा (पूर्ण सप्तकाचे १२०० सेंट), पियानोचा ४०० चा. पिएत्रो आरोनने १५२३ मध्ये वर्णन केलेल्या मीनटोन या सुरावट लावायच्या पद्धतीत लावलेल्या हार्पसिकॉर्डवर चांगले गंधार त्या शुद्ध मापाचेच असतात. पियानोवर वाढलेल्यांना ते सुरुवातीला ‘उतरलेले’ वाटतात, आपल्याला घरचे. मागे माशोकडे गेलात तर उलट होतं. तिथे पाचवे शुद्ध धरल्यामुळे गंधार ४०८ वर चढतो, टोचतो, आणि म्हणूनच त्याला पाचव्यावर जाऊन मोकळं व्हायची ओढ असते. हे एकदा गळ्याने अनुभवलं की चौदाव्या आणि सोळाव्या शतकाच्या आवाजातला फरक पुस्तकाशिवाय समजतो.

ग्विदोची अक्षरंही अशीच पटकन बसतात. अकराव्या शतकातल्या या अरेझ्झोच्या भिक्षूने सेंट जॉनच्या स्तोत्रातल्या ओळींची पहिली अक्षरं घेतली, ऊत, रे, मी, फा, सोल, ला. सहाच. मी आणि फा यांच्यात नेहमी अर्धा स्वर. पल्ला वाढला की अक्षरं बदलून पुढच्या सहाच्या गटात शिरायचं. सरगम म्हणणाऱ्याला यात काही जड नाही, आणि न लिहिलेले शार्प-फ्लॅट ओळखायला हेच उपयोगी पडतं.

पण याच आत्मविश्वासाने मोडला, म्हणजे जुन्या युरोपीय स्वरव्यवस्थेला, राग समजू नका. चांटचे आठ मोड, ग्लारेआनुसने १५४७ मध्ये केलेले बारा, यांत शेवटचा स्वर, पल्ला आणि पठणाचा स्वर महत्त्वाचा. पकड, चलन, वेळ असलं काही शोधत बसलात तर सापडेलही, कारण शोधणाऱ्याला सगळीकडे सापडतं. डोरियनला काफी म्हणून मोकळे होणारे ‘फ्यूजन’वाले पुष्कळ भेटतील. त्यांच्याकडून चहा प्यावा, मोड शिकू नयेत.

सोळाव्या शतकातल्या पालेस्त्रिना या रचनाकाराबद्दलही सावध राहा. कॅथलिक चर्चची ट्रेंटची परिषद बहुस्वरी संगीतावर बंदी घालणार होती आणि त्याच्या ‘मिस्सा पापाय मार्चेल्ली’ या मासने, म्हणजे चर्चच्या उपासनेच्या संगीताने, ते वाचवलं, ही गोष्ट अजून वर्गात सांगितली जाते. ज्या पोपचं नाव त्या मासला आहे तो १५५५ मध्ये तीनेक आठवडेच गादीवर होता, आणि ही कथा छापील रूपात येते १६०७ मध्ये, पालेस्त्रिना जाऊन १३ वर्षं झाल्यावर, आगात्झारीच्या पुस्तकात. ते पुस्तक मात्र जरूर वाचा, कारण त्याचा खरा विषय बासो कंटिन्युओ आहे, म्हणजे बासच्या ओळीवर हाताने साथ भरण्याची पद्धत, आणि तेच १६०० नंतरच्या बरोक संगीताचं दार.

बरोकमध्ये अडचण उलटी होते. आधी लिपीत जास्त अर्थ दडलेला होता, आता कागदावर मुद्दाम कमी लिहिलेलं असतं. नुसती बासची ओळ, वर कधी ६ तर कधी ४-३ असे आकडे, बाकीचं हाताने तिथल्या तिथे भरायचं. गायकांनी मोंतेवेर्दीच्या ‘ओर्फेओ’तलं, १६०७ चं, ‘पोस्सेन्ते स्पिर्तो’ उघडावं. छापील पानावर गाण्याची साधी ओळ आणि अलंकारांची ओळ एकाखाली एक दिली आहे. व्हायोलिनवाल्यांनी कोरेल्लीच्या पाचव्या ओपसची १७१० ची अ‍ॅम्स्टरडॅमची आवृत्ती घ्यावी, तीही संथ भागांसाठी अशीच दोन पदरी आहे. ताना येतात म्हणून आपल्या ताना घालू नका. आधी दोन ओळी शेजारी ठेवून कुठला स्वर धरला आहे आणि कुठे धावलंय ते बघा.

गुरूंबद्दल थोडं. नामांकित कलाकाराचा एक मास्टरक्लास म्हणजे फोटो आणि दोन वाक्यं. त्यापेक्षा दर आठवड्याला तुमची चूक ऐकून घेणारा अप्रसिद्ध माणूस शोधा. परदेशी जायचं असेल तर बाझलची स्कोला कान्तोरुम आहे, स्विस संचालक पाउल साखर (Sacher) याने १९३३ मध्ये जुन्या संगीतासाठीच काढलेली, पण जर्मनची तयारी आधीपासून ठेवा. पैसे नसतील, व्हिसा नसेल तरी हिरमुसू नका. डायम्म (DIAMM) या संकेतस्थळावर मध्ययुगीन हस्तलिखितांची छायाचित्रं घरबसल्या बघता येतात, आणि गोव्यात नाहीतर मुंबईत चर्चच्या क्वायरमध्ये लॅटिन म्हणणारी, अनेक आवाजांत गायची सवय असलेली माणसं भेटतात.

त्यातले दोघं गाठा. ‘ओधेकातोन’मधलं तीन आवाजी गाणं घ्या, प्रत्येकाच्या हातात फक्त स्वतःचा भाग द्या आणि सगळ्यांचे भाग एकत्र असलेला कागद कोणालाही दाखवू नका. पहिल्या तालमीत बहुतेक कोणी शेवटपर्यंत पोचणार नाही. कोलमडलं की पहिल्या नोटेपासूनच परत सुरू करा. ‘बार बारापासून घेऊ’ म्हणायची सोय तिथे नाही.