गाळ्यावरचा डेटाबेस मेहताजींना उघडून देताना

तुर्भ्याच्या भाजीपाला मार्केटात माझ्या मामाचा गाळा आहे. तिथलं बिलिंगचं सॉफ्टवेअर सहा वर्षांपूर्वी एकाने लिहून दिलं, तो आता फोन उचलत नाही. वर तीन बटणं आणि खाली पोस्टग्रेस, म्हणजे माहिती साठवणारा डेटाबेस. सहा वर्षांची आवक, उधारी, हमाली, तोलाई, सगळं आत आहे, पण काही विचारायचं झालं की मेहताजी नाना मला कोपरखैरण्याला फोन लावायचे. "पोरी, मागच्या मंगळवारी कोथिंबीर किती आली होती गं?" मी ऑफिसातून एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, लिहायची आणि आकडा सांगायची. वर्षभर हेच चाललं होतं.

गंमत अशी की एसक्यूएल जन्माला आली तीच नानांसारख्यांसाठी. १९७४ साली आयबीएमच्या चेंबरलिन आणि बॉइस यांनी ती मांडली, तेव्हा संगणकतज्ज्ञ नसलेले पण थोडं शिकायला तयार असलेले लोक त्यांच्या डोळ्यांसमोर होते, आणि त्या यादीत हिशेबनीसही होते. पन्नास वर्षं झाली, नाना अजून मलाच फोन करतात.

आता करत नाहीत. कसं जमलं ते लिहिते. सगळं फुकटच्या, मुक्त स्रोत सॉफ्टवेअरवर आहे: पोस्टग्रेस, त्यातली उत्तरं पडद्यावर दाखवणारं मेटाबेस आणि थोडंसं मथेसर. पोटमाळ्यावरच्या जुन्या पीसीवर चालतं.

सुरुवात वहीने करा. मी दोन सकाळी गाळ्यावर बसून नाना काय काय विचारतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलं. बावीस प्रश्न झाले. नीट पाहिलं तर तीनच होते, फिरून फिरून आलेले: आज अमुक मालाची आवक किती, कोणाची पट्टी (शेतकऱ्याला द्यायचा विक्रीचा हिशेब) निघायची राहिली, आणि आठ दिवसांपुढची उधारी कोणाकडे. "ग्राहक" हा शब्द बावीसपैकी एकाही प्रश्नात नव्हता. नाना "खरेदीदार" म्हणतात. ही वही जपून ठेवा, पुढे लागते.

चालू डेटाबेसला हात लावू नका. बाजार दुपारी झोपतो, म्हणून दोन वाजता पीजी-डंप या पोस्टग्रेसच्याच आज्ञेने प्रत काढायची आणि ती पोटमाळ्यावरच्या पोस्टग्रेसमध्ये भरायची. दिवसाचा धंदा तोवर आटोपलेला असतो, त्यामुळे प्रत शिळी वाटत नाही. त्या प्रतीवर दोन स्कीमा, म्हणजे टेबलांचे दोन कप्पे, करा. एकात बिलिंगची मूळ टेबलं, ती रोज पुसून नव्याने भरायची. दुसरा आपला, तो पुसायचा नाही.

मग मेटाबेससाठी एक नवा युजर, फक्त वाचण्यापुरता. त्याला मूळ टेबलांवर कुठलाही हक्क देऊ नका, आपल्या स्कीमातल्या व्ह्यूंवर (व्ह्यू म्हणजे टेबलासारखा दिसणारा, लिहून ठेवलेला प्रश्न) सिलेक्ट, म्हणजे वाचायचा हक्क, तेवढा द्या. पोस्टग्रेसमध्ये साधा व्ह्यू मालकाच्या हक्काने चालतो, म्हणून वाचणाऱ्याला खालची टेबलं दिसली नाहीत तरी व्ह्यू उघडतो. मेटाबेसमध्ये कोणाला कुठल्या ओळी दिसाव्यात हे ठरवायची सोय पैसे भरल्यावरच मिळते. पण हमालांच्या उचलीचं टेबल व्ह्यूत घेतलंच नाही, तर ते लपवायचा प्रश्नच उरत नाही.

खरं काम व्ह्यू लिहिण्यात आहे. माझे दोन रविवार एकाच रकान्यात गेले, तो म्हणजे तारीख.

पहिला आकडा दाखवला तेव्हा नाना चष्मा वर करून म्हणाले, "हे चूक आहे. मंगळवारी एवढा माल नव्हता." मी म्हटलं, मशीन चुकत नाही नाना. त्यांनी चोपडी काढली. चोपडी बरोबर होती. सॉफ्टवेअर वेळ जागतिक वेळेत (यूटीसी) साठवत होतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. दुसऱ्या कुठल्या धंद्यात हे लक्षातही आलं नसतं, कारण रात्री बारा ते पहाटे साडेपाच कोण बिलं करतं? आमच्याकडे तोच ऐन धंद्याचा वेळ. पहाटेचा सगळा माल आदल्या दिवसात जाऊन बसला होता.

मेटाबेसमध्ये रिपोर्टचा टाइमझोन एशिया-कोलकाता ठेवता येतो, मी ठेवला, काही फरक पडला नाही. ती सेटिंग फक्त टाइमझोनसकट साठवलेल्या वेळेला लागू होते आणि आमचा रकाना टाइमझोनविना होता. मग व्ह्यूतच "ॲट टाइम झोन" दोनदा लावावं लागतं: आधी ही वेळ यूटीसी आहे असं सांगायचं, मग ती कोलकात्याच्या वेळेत मागायची. एकदाच लावलंत तर आकडा उलट्या बाजूला सरकतो.

एवढं करूनही नानांचं समाधान होईना. रात्री अकराला उतरलेली नाशिकची गाडी त्यांच्या लेखी उद्याची असते. बाजाराचा दिवस रात्री आठला उजाडतो म्हणे. म्हणून वेळेत चार तास मिळवून तारीख काढली आणि त्या रकान्याला नाव दिलं "बाजाराचा दिवस". त्यानंतर चोपडी आणि पडदा जुळले. तुमच्या धंद्यातही असा एखादा दिवस, महिना किंवा "डझन" असेल. तो फक्त जुन्या माणसाला ठाऊक असतो.

मेटाबेस बसवणं त्या मानाने सोपं. डॉकरने (सॉफ्टवेअर बंद डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवायची सोय) दहा मिनिटांत उठतं, ३००० नंबरच्या पोर्टवर उघडतं. एक खड्डा मात्र आहे आणि मी त्यात पडले. मेटाबेस आपली स्वतःची माहिती, म्हणजे केलेले प्रश्न, डॅशबोर्ड, युजर, सुरुवातीला एचटू नावाच्या फाइलीत ठेवतं आणि ती कंटेनरच्या आत असते. मी नवी आवृत्ती घ्यायला जुना कंटेनर उडवला, त्याबरोबर तीन आठवड्यांचं काम गेलं. पहिल्याच दिवशी पोस्टग्रेसमध्ये एक वेगळा रिकामा डेटाबेस करून तो मेटाबेसला द्या.

आता वही काढा. ॲडमिनमधल्या टेबल मेटाडेटामध्ये प्रत्येक रकान्याचं दिसणारं नाव बदलता येतं, देवनागरीत. आमच्याकडे "पीटी-सीडी" होतं, त्याचं "शेतकरी" झालं. "एनटी-एएमटी"चं "पट्टीची रक्कम". नको ते रकाने तिथेच लपवा. मग तीन प्रश्न तयार करून एका डॅशबोर्डवर ठेवा, वर मालाचा आणि दिवसाचा फिल्टर. नानांच्या मोबाइलच्या होम स्क्रीनवर त्याची खूण करून दिली. गाळ्याच्या वायफायवरच चालतं, बाहेर इंटरनेटवर उघडलेलं नाही आणि उघडणारही नाही.

राहिली कोथिंबीर. बिलं करणाऱ्या पोरांनी ती कोथिंबीर, कोथमीर, कोथंबिर अशी तीन तऱ्हांनी टाइप केली होती, म्हणून बेरीज कायम कमी यायची. हे मी दुरुस्त करत बसले असते तर जन्म गेला असता. आपल्या स्कीमात दोन रकान्यांचं टेबल केलं, "लिहिलेलं नाव" आणि "खरं नाव", आणि ते मथेसरमध्ये उघडून दिलं. मथेसर पोस्टग्रेसचं टेबल एक्सेलसारखं दाखवतं आणि त्यात लिहूही देतं. मथेसरमधल्या नानांच्या युजरला तेवढ्या एका टेबलात लिहिण्याचा हक्क आहे. व्ह्यू हे टेबल जोडून बेरीज करतो, लेफ्ट जॉइनने, म्हणजे यादीत नसलेलं नाव गळत नाही, तसंच्या तसं दिसतं. ते दिसलं की नाना ओळ वाढवतात.

परवा त्यांनी "फ्लावर", "फुलावर" आणि "फ्लॉवर" एका खाली आणले. खरं नाव म्हणून त्यांनी "फुलावर" ठेवलंय. मी बदललेलं नाही.