पहिला मासा, पहिलं प्रवाळ
घरातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत अमोनिया आणि नायट्राइट ही माशांना घातक द्रव्यं शून्यावर येऊन टिकल्याशिवाय मासा आणायचा नाही, हे मी प्रत्येकाला आधी सांगते. मग टाकीतच पैदास झालेली ऑसेलारिस क्लाउनफिशची जोडी घ्या. दुकानदाराला समोर खाऊ घालायला लावा. खात नसेल तर घेऊ नका. ब्लू टँग हा निळा मासा कितीही आवडला तरी नको, तो फूटभर वाढतो.

प्रवाळांत मशरूम आणि झोअँथिड हे प्रकार चिवट. पण झोअँथिडमध्ये पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असू शकतं. हातमोजे, चष्मा हवाच, आणि ते ज्या दगडावर वाढलंय तो दगड कधीही उकळू नका. दगडी (कठीण सांगाड्याच्या) प्रवाळांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. समुद्रातून काढलेला तुकडा फुकट मिळाला तरी नाकारा.

सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये पाणी २५-२६ अंशांवर ठेवायला चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) लागतोच. आधी तो बसवा, मगच प्रवाळ.