मोटरहोमची रोजकीर्द

बँकेत एकतीस वर्षं कॅश काउंटरवर काढल्यामुळे प्रवासात पैशांची पिशवी माझ्याकडेच येते. भावोजी गाडी चालवतात, आमचे हे नकाशा बघतात (आणि चुकवतात), धाकट्या जाऊबाई दुकानात शिरतात आणि मी रात्री हिशोब मिटवते. तरीही युरोपातल्या पहिल्या मोटरहोम (झोपायची, रांधायची सोय असलेली गाडी) सहलीत चौथ्याच दिवशी माझी कॅश टॅली होईना.

चूक अगदी शाळकरी होती. गाडीचं भाडं आधीच भरलेलं. हातखर्चाला चौघांत मिळून २,४०० युरो. दिवस सोळा. भागाकार केला, रोज १५० आले. पहिले तीन दिवस नव्वदच्या आतच भागलं, कारण टाकी कंपनीनेच भरून दिली होती आणि आम्ही फारसे हललोही नव्हतो. म्हटलं, वा, पावणेदोनशेच्या वर वाचले! तिसऱ्या रात्री ते तळ्याकाठच्या हॉटेलात जेवणावर उडवले. चौथ्या दिवशी डिझेल १२८ युरो, वर टोल, मुक्कामाचे ५६, किराणा ६०. वाचलेले पैसे वाचलेले नव्हतेच, टाकीत शिरायचे बाकी होते.

हॉटेलात उतरून केलेल्या सहलीत रोजची सरासरी बऱ्यापैकी चालते. मोटरहोममध्ये खर्च रोज येतच नाही, तो ढेकळांनी येतो. म्हणून दुसऱ्या वेळी मी रक्कम तीच ठेवली, दिवस तेवढेच ठेवले, पण भागाकार सगळ्यात शेवटी केला. आधी चाकांचे पैसे काढले, मग मुक्कामाचे, मग अडीनडीचे. उरले ते पोटाचे आणि हौसेचे. रोजचा खर्च म्हणायचं ते फक्त या शेवटच्या रकमेला.

चाकांपासून सुरुवात करू. आमचा बेत म्युनिकहून निघून ऑस्ट्रियातलं इन्सब्रुक, ब्रेनर घाट, इटलीतलं गार्डा सरोवर, मग कोमोवरून स्वित्झर्लंड, बाझेल, फ्रान्समधलं कोलमार आणि ब्लॅक फॉरेस्टमधून परत म्युनिक असा होता. नकाशावर अंतर १,८०० किलोमीटरच्या आसपास भरलं. त्यात ३०० मिळवले. वाट चुकणं, किराण्याला गावात शिरणं, मुक्कामाचा तळ भरलेला निघाल्यावर पुढच्या गावी जाणं, हे सगळं त्या तीनशेत. डिझेलच्या मोठ्या गाडीला शंभर किलोमीटरला दहा ते बारा लिटर लागतात. मी अकरा धरले. २,१०० किलोमीटरला २३१ लिटर, दर जरा चढा म्हणजे १.७५ युरो धरला, तर ४०४ युरो होतात. माहितीपत्रकातला आकडा यापेक्षा कमी असतो, पण तो मोकळ्या गाडीचा. आपण पाण्याची टाकी, चार माणसं आणि जाऊबाईंच्या चार जोडी चपला घेऊन घाट चढणार असतो.

टोलचा हिशोब करण्याआधी एक आकडा बघाच: गाडीच्या कागदावरचं कमाल अनुमत वजन. प्रत्यक्ष किती भरलं ते नाही, कागदावर काय लिहिलंय ते. ३.५ टनांपर्यंत असेल तर ऑस्ट्रियात ठरावीक दिवसांचा विनेट, म्हणजे महामार्गाचा पास, पुरतो. त्याच्या वर गेलात की गो-बॉक्स नावाचं यंत्र काचेला लावून किलोमीटरवारी पैसे भरावे लागतात. आम्हाला कंपनीने ‘थोडी प्रशस्त’ म्हणून जी दुसरी गाडी सुचवली होती, ती नेमकी या रेषेच्या वर होती. भाड्यात रोजचा फरक थोडाच दिसतो. बाकीचा फरक रस्त्यावर निघतो, शिवाय परवानाही वरच्या वर्गाचा लागतो.

गंमत म्हणजे स्वित्झर्लंडमध्ये हे उलटं पडू शकतं. साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीला महामार्गाचा विनेट ४० फ्रँकचा, आणि तो वर्षाचाच मिळतो, दोन दिवसांसाठी वेगळा मिळत नाही. त्याहून जड मोटरहोमला दिवसाला ३.२५ फ्रँक, पण कमीत कमी २५ फ्रँक. म्हणजे तीन दिवसांच्या पाहुण्याला जड गाडी त्या एका देशात स्वस्त पडते. अर्थात ते शुल्क महामार्गांपुरतं नाही, सगळ्याच रस्त्यांना आहे. एवढ्यासाठी जड गाडी घ्या असं मी म्हणत नाही, पण हिशोबाच्या माणसाला अशा गोष्टी आवडतात.

ब्रेनरच्या रस्त्याला ऑस्ट्रियाचा विनेट चालत नाही, तिथे वेगळा टोल. इटलीत पुढच्या चाकांवरची गाडीची उंची मोजतात. ती १.३० मीटरच्या वर गेली की टोलचा वर्ग ब, म्हणजे दोन ॲक्सलची मोटरहोम ब मध्येच धरा. फ्रान्समध्ये आमचा कोलमारचा रस्ता फुकटचा होता, पण जे तिथे आत खोलवर जाणार असतील त्यांनी एकूण उंची बघावी. तीन मीटरच्या आत आणि साडेतीन टनांपर्यंत असेल तर वर्ग दोन, तीन मीटर भरली की वर्ग तीन. छपरावर बसवलेल्या एसीमुळे किंवा अँटेनामुळे गाडी वरच्या वर्गात जाऊ शकते. जर्मनीत अशा गाडीला टोलच नाही. सगळे मिळून मी १२० युरो धरले. पार्किंग आणि गॅसला ७५. चाकांचे एकूण ६०० आणि ते वेगळ्या कार्डात. त्या कार्डाने आइस्क्रीम घ्यायचं नाही, ही घरातली अट.

मुक्कामात सगळ्यात जास्त हात राखता येतो. सहा रात्री नीट कॅम्पसाइटवर, सरासरी ५० युरो. दहा रात्री साध्या तळांवर, जर्मनीत त्याला श्टेलप्लाट्झ म्हणतात, इटलीत आरेआ दी सोस्ता, फ्रान्समध्ये एर. १८ युरोच्या हिशोबाने १८०. एकूण ४८०. पण हा आकडा फसवा असतो, कारण पाटीवरचा दर जागेचा. त्यावर माणशी पर्यटन कर, वीज, कुठे कुठे गरम पाण्याच्या अंघोळीचे वेगळे. म्हणून आरक्षण करताना दर विचारू नका, ‘चार मोठी माणसं, विजेसकट, करासकट एका रात्रीचे एकूण किती’ असं विचारा. ऐन सुट्ट्यांचे दिवस सोडून जाणार असाल तर एसीएसआयचं सवलतीचं कार्ड बघा. त्यात ठरलेल्या कॅम्पसाइटवर दोन माणसांचा रात्रीचा दर बांधलेला असतो. आम्ही चौघं असल्यामुळे आम्हाला अर्धाच फायदा झाला.

साध्या तळावर माणूस नसतो, यंत्र असतं. त्याला नाणी लागतात. पाणी भरायला एक-दोन युरो, विजेला पन्नास सेंट किंवा एक युरो, काही ठिकाणी टोकन. रात्री दहाला पन्नासची नोट घेऊन यंत्रापुढे उभं राहण्यात काय मजा असते ते आम्ही अनुभवलंय. तेव्हापासून कॉफीच्या रिकाम्या बरणीत फक्त एक-दोन युरोची आणि पन्नास सेंटची नाणी टाकते. बरणीत १५ युरोच्या खाली चिल्लर गेली की दुसऱ्या दिवशी कुठेतरी नोट मोडायचीच. हे बँकेत सुट्ट्यांची थप्पी राखायचो तसंच.

अडीनडीला मी एकूण रकमेचा दहावा भाग, २४० युरो, बाजूला काढले. ते घरी परतल्यावरही दोन-तीन महिने मोकळे करत नाही. जास्त वेगाचा किंवा इटलीतल्या शहरांत झेडटीएल नावाच्या बंद भागात शिरल्याचा दंड उशिरा येतो. तो आधी भाड्याच्या कंपनीकडे जातो आणि कंपनी आपलं नाव-पत्ता कळवण्याचेही पैसे कार्डावर लावते. पहिल्या सहलीनंतर दहा आठवड्यांनी आम्हाला असा प्रेमपत्राचा लाभ झाला. कोण चालवत होतं ते विचारू नका, घरात शांतता आहे.

आता राहिले १,०८०. सोळांनी भागलं तर साडेसदुसष्ट. पण इथेही मी सरसकट भागत नाही. दिवस तीन जातींचे असतात. पळायचा दिवस: सकाळी डबा, दुपारी रस्त्याकडेला कॉफी, रात्री गाडीतच स्वयंपाक, ४० युरोत होतो. बसायचा दिवस: तळ्याकाठी खुर्च्या टाकायच्या, कपडे धुवायचे, ५०. आणि शहराचा दिवस: बसचं तिकीट, संग्रहालय, एक वेळ बाहेर जेवण, ११५. आमच्या बेतात पळायचे सहा, बसायचे पाच, शहराचे पाच होते. २४०, २५० आणि ५७५, एकूण १,०६५. वरचे १५ युरो जाऊबाईंच्या ताब्यात दिले, त्याचा हिशोब मागितला नाही.

याचा खरा उपयोग भांडणं टळण्यात झाला. स्वित्झर्लंडमधल्या लुत्सर्नला भावोजी म्हणाले, “वहिनी, आज बोटीने जाऊ.” मी नाही म्हटलं नाही. एवढंच म्हटलं, “मग आजचा बसायचा दिवस शहराचा करू आणि कोलमारचा शहराचा दिवस बसायचा करू. चालेल?” पैसे आहेत की नाहीत यावर वाद घालण्यापेक्षा दिवसांची अदलाबदल सोपी जाते. बोट मिळाली. कोलमारला गल्ल्यांतून फुकट हिंडलो आणि बाकावर बसून पाव-चीज खाल्लं.

किराण्यात मोठा खड्डा पहिल्याच दिवशी पडतो. रिकामी गाडी ताब्यात येते: मीठ नाही, तेल नाही, साबण नाही, टॉयलेटच्या कॅसेटचं (मैल्याच्या काढत्या टाकीचं) रसायन नाही. आम्हाला त्या पहिल्या फेरीला ९० युरो लागले. ते पहिल्या दिवसावर टाकू नका, बसायच्या पाच दिवसांवर वाटून टाका, नाहीतर सुरुवातीलाच हिशोब तुटीत दिसतो आणि सगळ्यांचा उत्साह मावळतो. जर्मनीत रविवारी किराणा दुकानं जवळपास सगळी बंद, म्हणून शनिवारचा खर्च दुप्पट येणारच. तिथल्या एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीमागे २५ सेंट अनामत असते. ती जर्मनीतल्याच दुकानात परत मिळते. आम्ही रिकाम्या बाटल्या गार्डापर्यंत आणि स्वित्झर्लंडभर फिरवून पुन्हा जर्मनीत आणल्या. चोवीस बाटल्या, सहा युरो. हे म्हणाले, “त्या बाटल्यांनीच जास्त प्रवास केला.”

कार्डाबद्दल दोनच गोष्टी, पण महत्त्वाच्या. गाडी घेताना अनामत म्हणून मोठी रक्कम कार्डावर अडकवून ठेवतात, आमची १,५०० युरो होती. माणूस नसलेल्या पंपावरही डिझेल टाकण्याआधी शे-दीडशे युरो अडकू शकतात आणि ते सुटायला कधी कधी काही दिवस जातात. खात्यात पैसे असूनही कार्ड नकार देतं, ते बहुधा यामुळे. म्हणून अनामतीचं कार्ड वेगळं आणि रोजचं वेगळं. दुसरं, यंत्राने विचारलं की युरोत भरणार की तुमच्या घरच्या चलनात, तर युरोच दाबा. घरचं चलन निवडलं की दर त्या यंत्राच्या मर्जीचा लागतो. स्वित्झर्लंडमध्ये बरीच दुकानं युरोची नोट घेतात, पण सुट्टे फ्रँकमध्ये देतात. त्या नाण्यांची सीमेपलीकडे किंमत जवळपास शून्य, कारण बदलून देणारे सहसा नोटा घेतात, नाणी घेत नाहीत. तिथे कार्डच चालवा.

डिझेलबद्दल इतकंच की महामार्गावरच्या पंपावर भरू नका. खाली उतरून गावातल्या पंपावर, शक्यतो सुपरमार्केटच्या पंपावर भरा. इटलीत ‘सेरवितो’ लिहिलेल्या ठिकाणी माणूस भरून देतो आणि दर जास्त असतो. ‘फाय दा ते’ म्हणजे आपलं आपण.

रात्रीचा हिशोब दहा मिनिटांत झाला पाहिजे, नाहीतर चौथ्या दिवशी तो बंद पडतो. माझी वही साधी आहे. डावीकडे सकाळची शिल्लक, उजवीकडे खर्च, खाली रात्रीची शिल्लक. तिच्यात फक्त पोटाचे आणि हौसेचे पैसे. चाकांच्या पानावर मी तीन-चार दिवसांनी एकदाच बघते: किती किलोमीटर झाले, किती लिटर गेले. अर्ध्या वाटेवर आमचं शंभराला ११.८ लिटर पडत होतं. म्हणजे उरलेल्या हजार किलोमीटरला आठ लिटर जास्त, चौदा युरो. एवढ्याने काही बिघडत नव्हतं, पण ते तेव्हाच कळलं.

परत देण्याच्या आदल्या रात्री तीन गोष्टी करायच्या असतात आणि तिन्हींचे पैसे चाकांच्या पानातच ठेवलेले हवेत: टाकी भरणं, कॅसेट आणि सांडपाणी रिकामं करणं, आतून झाडून-पुसून घेणं. न केल्यास कंपनी जो दर लावते त्यात एक शहराचा दिवस सहज निघाला असता. कॅसेटचं काम यांच्याकडे होतं. म्हणूनच हे गाडीतलं टॉयलेट सोडून ऑटोबानवरच्या (जर्मन महामार्गावरच्या) स्वच्छतागृहात एक-एक युरो देत होते, हे मला वहीतल्या खर्चावरून शेवटच्या रात्री कळलं. त्या युरोमागे मिळणारी कुपनं मात्र जपून ठेवली होती, त्यांवर परतीच्या वाटेवर चार कॉफ्या स्वस्तात झाल्या.