युकुलेलेवर टर्नअराउंड: मधलं बोट उचलू नका

बत्तीस बारच्या (इथे एक बार म्हणजे चार मात्रा) जुन्या जॅझ गाण्यांत शेवटचे दोन बार बहुतेक वेळा गायकाचे नसतातच. त्याचा सूर लावून झालेला असतो आणि गाणं परत पहिल्या ओळीवर आणायचं काम साथीदाराचं असतं. त्या आठ मात्रांत वाजवायची कॉर्डची (एकदम वाजणाऱ्या सुरांच्या जुळणीची) साखळी म्हणजे टर्नअराउंड. तबलजी तिहाई घेतो तेव्हा सम येतेय हे न सांगता कळतं ना, तसंच.

युकुलेलेवर, म्हणजे हवाईच्या चार तारांच्या छोट्या गिटारसारख्या वाद्यावर, हे शिकायला आधी बारा स्केल पाठ करा, कॉर्डचा तक्ता भिंतीवर लावा, असं जो तो सांगतो. मी तक्ता फ्रिजवर लावला होता. दोन पावसाळे तिथे होता, कडा कुरतडल्या गेल्या, टर्नअराउंड काही आला नाही.

ट्यूनिंग जी-सी-ई-ए आहे आणि साध्या सेव्हन्थ कॉर्ड हातात बसल्या आहेत, असं धरून चालते. खालचे आकडे चौथ्या तारेपासून पहिलीकडे वाचायचे, ० म्हणजे मोकळी तार, बाकी आकडा म्हणजे ती तार कितव्या फ्रेटला (गळ्यावरच्या आडव्या पट्टीला) दाबायची.

सुरुवात हवाईपासूनच करा. तिथे दोन कडव्यांच्या मध्ये व्हॅम्प, म्हणजे जोडणारा छोटा तुकडा, वाजतो: डी सेव्हन (२२२३) दोन मात्रा, जी सेव्हन (०२१२) दोन मात्रा, मग सी (०००३) चार मात्रा. एका संध्याकाळचं काम आहे.

मग नेहमीचा टर्नअराउंड, प्रत्येक कॉर्डला दोन मात्रा: सी मेजर सेव्हन (०००२), ए मायनर सेव्हन (००००), डी मायनर सेव्हन (२२१३), जी सेव्हन (०२१२). पहिल्या जागी सी सिक्स घेऊ नका. सी सिक्स आणि ए मायनर सेव्हन हे युकुलेलेवर एकच, चारही तारा मोकळ्या, त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटतं तुम्ही कॉर्ड बदलायला विसरलात. ए मायनर सेव्हनच्या जागी सी शार्प डिमिनिश्ड (०१०१) घेऊन बघा. तिसऱ्या तारेवर सी, सी शार्प, डी असा चढ आपोआप मिळतो.

इथपर्यंत सगळे येतात. अडतात ते सब्स्टिट्यूशनला, म्हणजे एका कॉर्डच्या जागी दुसरी बसवण्याला. मीही तिथेच अडले होते.

पुस्तकात लिहिलेलं असतं, जी सेव्हनच्या जागी डी फ्लॅट सेव्हन चालतो. का चालतो, हे मला कुणी वाद्यावर दाखवलं नव्हतं. तुम्ही आत्ता बघा. जी सेव्हन ०२१२, डी फ्लॅट सेव्हन १११२. शेवटचे दोन आकडे सारखेच आहेत. दुसऱ्या तारेवर एफ, पहिलीवर बी, दोन्ही जागचे हलत नाहीत. बदलतात फक्त चौथी आणि तिसरी तार. गाण्याचं अंग असेल तर आणखी सोपं सांगते. जी ला सा धरलं तर बी हा शुद्ध ग आणि एफ हा कोमल नि. डी फ्लॅट ला सा धरलं तर एफ होतो ग आणि बी होतो नि. एकीचा ग तो दुसरीचा नि. सेव्हन्थ कॉर्डची सगळी ओढ या दोन सुरांतच असते, म्हणून कानाला अदलाबदल पटते. दोन्ही कॉर्डच्या सांमधलं अंतर सा ते तीव्र म एवढं. आता नेहमीच्या टर्नअराउंडमधले ए मायनर सेव्हन आणि डी मायनर सेव्हन साधे ए सेव्हन आणि डी सेव्हन करा, आणि याच हिशोबाने ए सेव्हनच्या जागी ई फ्लॅट सेव्हन.

आता साखळी अशी होते: सी मेजर सेव्हन (०००२), ई फ्लॅट सेव्हन (३३३४), डी सेव्हन (२२२३), डी फ्लॅट सेव्हन (१११२), आणि परत ०००२. कागदावर पोरखेळ वाटतो. वाजवताना माझा हात दरवेळी पहिल्या उडीला चुकायचा. ०००२ वरून ३३३४ वर जाताना सगळी बोटं हवेत आणि मात्रा निघून गेलेली.

चूक बोटाची होती. ०००२ मी अनामिकेने दाबत होते, तसंच शिकवलं होतं म्हणून. ते मधल्या बोटाने दाबा. मग ते बोट न उचलता पहिल्या तारेवरच चौथ्या फ्रेटपर्यंत सरकवा, दाब जरा हलका करून, आणि मागोमाग तर्जनी तिसऱ्या फ्रेटवर आडवी टाका. तिथून आख्खा हात एकेक फ्रेट खाली. १११२ वर आलात की फक्त तर्जनी उचला. मधलं बोट बीवर आहे आणि सी मेजर सेव्हनला तोच बी हवाय. संपूर्ण फेरीत मधलं बोट पहिली तार सोडतच नाही: दोन, चार, तीन, दोन आणि तिथेच. सवयीने तेही खाली सरकवलंत तर ०००१, म्हणजे सी सेव्हन वाजेल आणि गाणं घरी पोचण्याऐवजी दारातच उभं राहील.

पहिल्या फ्रेटवर तर्जनी आडवी दाबणं सगळ्यात जड जातं, कारण तिथे नट, म्हणजे गळ्याच्या टोकाची तारांच्या खाचांची पट्टी, जवळ असतो. बोट सोलवटेपर्यंत घासू नका. पाचव्या-सहाव्या फ्रेटवर हाच आकार आठवडाभर घोटा, मग खाली उतरा. तरीही सूर मेला तर दोष तुमचा नाही, नटच्या खाचा उथळ आहेत. दुरुस्तीवाल्याकडून खोल करून घ्या.

आणि जॅझसाठी लो-जी तार (एक सप्तक खाली लावलेली चौथी तार) लावायलाच हवी, हे ऐकू नका. साध्या ट्यूनिंगमध्ये सर्वांत खालचा सूर तिसऱ्या तारेचा. वरच्या साखळीत त्या तारेवर ई फ्लॅट, डी, डी फ्लॅट, सी असे कॉर्डचे मूळ सूरच उतरतात. लो-जी लावलीत की त्यांच्याखाली पंचम येऊन बसतो आणि ती उतरण झाकली जाते.

एक ताकीद. कुणी गिटारवर साधा जी सेव्हन वाजवत असेल तर तुम्ही डी फ्लॅट सेव्हन घेऊ नका. मी एका घरगुती बैठकीत न विचारता घेतला. त्याचा डी आणि माझा डी फ्लॅट, त्याचा जी आणि माझा ए फ्लॅट, असे शेजारी शेजारी भांडले, आणि गाणारी बाई गायची थांबून माझ्याकडे बघायला लागली. एकट्याने साथ करतानाही गाण्याचा सूर बघा: चालीत डी लांबवलेला असेल तिथे जी सेव्हनच ठेवा आणि एफ असेल तिथे डी सेव्हनऐवजी डी मायनर सेव्हन. टर्नअराउंडच्या जागी चाल थांबलेली असते म्हणूनच तिथे एवढी मोकळीक मिळते.

उजव्या हाताला काही खास नाही. चार सारखे ठोके, दुसऱ्या आणि चौथ्यावर तळव्याने तारा दाबून आवाज तोडायचा. मेट्रोनोम ६० वर ठेवा.

सी पट्टी बसली की एफ घ्या. तिथे सी सेव्हन ३४३३ असा पकडा, त्याची जोडीदार जी फ्लॅट सेव्हन ३४२४. या वेळी न हलणारे दोन सूर चौथ्या आणि तिसऱ्या तारेवर आहेत. पुढे घर एफ मेजर सेव्हन, २४१३. आकडे एकाखाली एक लिहून बघा: तीन बोटं एकेक फ्रेट खाली येतात आणि तिसऱ्या तारेवरचं जागेवर राहतं.