पान पांढरं दिसलं की आधी बोट फिरवा

गेल्या मार्चात मी तीन आठवडे गुलाबावर गंधक मारत होते. पानं पांढरी दिसली, म्हटलं भुरीच, म्हणजे पानावर पिठासारखी पसरणारी बुरशी. निघाले टँकरच्या पाण्याचे क्षार! वर गंधकाचाही पांढरट थर बसतो, त्यामुळे मारावं तितकी पानं जास्तच पांढरी. त्यात धायरीतली गच्ची, दुपारचं ऊन. पानांच्या कडा करपल्या त्या वेगळ्याच. ऊन बत्तिसाच्या वर गेलं की गंधकाला हात लावायचा नाही, हे तेव्हा कळलं.

म्हणून आता बाटली उचलण्याआधी मी पानावरून कोरडं बोट फिरवते.

बोटाला फारसं काही लागत नाही, डाग थेंब वाळल्यासारखे गोल आणि कडेला ठळक, तेही पाणी पडतं तिथेच, नव्या कोंबांवर नाहीत: हे क्षार. अर्धा लिटर पाण्यात चमचाभर पांढरं व्हिनेगर घालून ओल्या फडक्यानं पुसा, मग साध्या पाण्यानं धुवा. पुढे पाणी पानांवर न ओतता बुंध्याशी घाला. झालं.

बोटाला पीठ लागलं तर भुरी. द्राक्षवाल्यांची झोप उडवणारी असते, तशीच ही. पण प्रत्येक झाडाची बुरशी बहुधा आपली वेगळी. झिनियाची भुरी गुलाबावर जात नाही, तेव्हा एकावर दिसली म्हणून सगळ्या कुंड्यांवर फवारत सुटू नका. माझ्याकडे ती दर डिसेंबरात झिनियावर येते. आधी खालच्या जुन्या पानांवर साखर सांडल्यासारखे ठिपके, आठवड्याभरात अख्खं पान. बाकीच्या बहुतेक बुरशींना पान ओलं लागतं, हिला नाही. दिवसा कोरडी हवा, रात्री दमट गारवा आणि खेटून लावलेल्या कुंड्या एवढं पुरतं. दसऱ्याला पेरलेली रोपं उपटायला माझाही जीव होत नाही, पण दोन रोपांत वीतभर जागा हवीच.

जास्त माखलेली पानं कापून पिशवीत बांधून कचऱ्यात टाका, घरच्या खतात नको. मग एक वाटी दूध, नऊ वाट्या पाणी. ब्राझीलमध्ये वाग्नर बेत्तिओल यांनी 1999 मध्ये झुकिनीच्या भुरीवर दुधाचे प्रयोग प्रसिद्ध केले, तेव्हा हा नुसता आजीबाईचा बटवा नव्हे. सकाळी उन्हात, पानाच्या दोन्ही बाजूंनी, आठवड्यातून एकदा. थोडा आंबूस वास येतो, आमच्या शेजारच्या वहिनींनी एकदा विचारलंही, "दूध नासलं का हो?" दोन फवाऱ्यांनी आटोक्यात आलं नाही तरच पाण्यात मिसळणारं 80 टक्के गंधक, लिटरला 2 ग्रॅम. आधी एका पानावर मारून दोन दिवस बघा. निंबोळी तेल मारलं असेल तर मध्ये पंधरा दिवस जाऊ द्या, नाहीतर पानं भाजतात. आणि डाग पडलेलं पान पुन्हा हिरवंगार होईल ही आशा सोडा; नवीन पानं स्वच्छ येताहेत ना, एवढंच पाहायचं.

तिसरा प्रकार जास्वंदीचा. पेरापाशी, पानाच्या मागे कापसाचे पुंजके, बोट चिकट, खोडावर मुंग्यांची रांग: पिठ्या ढेकूण. कानात घालायच्या कापसाच्या काडीला स्पिरिट लावून एकेक टिपा, मग पाण्याचा जोरदार फवारा. नंतर दर आठवड्याला लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि थोडा पातळ साबण, संध्याकाळी. मुंग्यांची वाट मोडल्याशिवाय हे परत येणारच, कारण गोड चिकट्यासाठी त्याच त्यांची राखण करतात.

टिपताना भिंग जवळ ठेवा. त्या पुंजक्यांत एखादा मोठा, झिपऱ्या केसांचा पांढरा किडा तुरुतुरु पळताना दिसला तर त्याला स्पिरिट लावू नका. तो ढेकूण नाही, ढेकूण खाणाऱ्या क्रिप्टोलिमस भुंग्याची अळी असू शकते. द्राक्षबागांत हे भुंगे विकत आणून सोडतात, आणि मी पहिल्या वर्षी असे चार फुकटचे पाहुणे टिपून मारले.