भुऱ्याची कंबर गेली तेव्हा

आमचा कुत्रा भुऱ्या आमच्याच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली आला. रिव्हर्स मीच घेत होतो, म्हणून दोष द्यायला दुसरं कोणी नाही. मागचे दोन्ही पाय लुळे पडले. आर्वीकडून नागपूरला, सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेलं ते जुन्या दाराच्या फळीवर शेल्याने बांधून. कंबरेला मार लागलेलं कुत्रं काखेत उचलून नेऊ नका, मोडलेला मणका आणखी सरकतो. मार लागल्याची खूण नसताना कुत्रं अचानक लुळं पडलं, जबडा लोंबतो, लाळ गळते, तर हातच लावू नका, थेट डॉक्टरला सांगा. रेबीजही असाच येतो.

गावात जो तो म्हणे, "कायले हाल करतं त्याचे? सुई देऊन टाक ना." त्याला दोन वर्षं झाली.

पायांकडे सगळे बघतात, पण असं कुत्रं जातं ते लघवी तुंबून, नाहीतर जखमा चिघळून. भुऱ्याच्या खालचं पोतं सदा ओलं असायचं. मला वाटे, होते आहे ना लघवी. डॉक्टरांनी पोट दाबून दाखवलं तर अर्धा तांब्या निघाली! भरलेल्या रांजणातून सांडावं तसं वरचं वर गळत होतं, पिशवी रिकामी होतच नव्हती.

रीत अशी. कोणाला तरी कंबर धरायला सांगून कुत्र्याला उभं करा, नाहीतर कुशीवर निजवा. दोन्ही तळवे मांड्यांच्या जरा पुढे, पोटाच्या दोन बाजूंना ठेवा. पाणी भरलेल्या फुग्यासारखं काही हाताला लागतं, तीच पिशवी. बोटं रुतवायची नाहीत. तळव्यांनी सावकाश शेपटीकडे दाब द्यायचा आणि धार थांबेपर्यंत तसाच धरून ठेवायचा. धार येतच नसेल तर जोर करू नका, पिशवी फुटू शकते. पहिल्यांदा डॉक्टरसमोरच करून बघा. मला हात बसायला आठवडा लागला, तोवर दोन पँटी वाया गेल्या. आम्ही दिवसातून ४ वेळा करतो, शेवटची झोपायच्या आधी. लघवीला उग्र वास आला, ती गढूळ किंवा लाल दिसली तर त्याच दिवशी दवाखाना.

अंथरुणाला नुसतं पोतं चालत नाही, घासतं. कुटार म्हणजे भुसा भरलेली गादी, वर जुन्या लुगड्याची गोधडी. दर दोन-तीन तासांनी कूस बदला. कंबरेचं हाड, मांडी, घोटा इथे कातडी लाल दिसली की समजा जखम येते आहे. ओलं झालं की कोमट पाण्याने धुवा, कोरडं पुसा, मागचे केस बारीक कापा.

पावसाळ्यात माशी बसते आणि दोन दिवसांत अळ्या पडतात. दिवसाही मच्छरदाणी लावा. अळ्या दिसल्या तर डॉक्टर गाठा. शेजाऱ्याने मला कपाशीवर फवारायचं औषध ओतायला सांगितलं होतं. त्या विषाने कुत्रंच मरतं. घरातली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेनही देऊ नका.

मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ ला टेकतो. सकाळी कडुनिंबाखाली ठेवलेलं कुत्रं अकरा वाजता उन्हात असतं, कारण सावली सरकते आणि त्याला सरकता येत नाही. शेतात जाताना घरी कोणी नसेल तर त्याला आतच ठेवा, पाणी तोंडाजवळ.

पायांना रोज दोन वेळा हलकी हालचाल द्या, सायकलचं पायडल फिरवल्यासारखी, एकेका पायाला १०-१५ वेळा. खाणं थोडं कमी करा, वजन वाढलं की तुमचीच कंबर जाते.

भुऱ्याला पुढच्या पायांवर चालता यावं म्हणून मागून आधार देणारी गाडी मी ठिबकच्या उरलेल्या पीव्हीसी पाइपांची केली, चाकं पोराच्या जुन्या सायकलची, कंबरेखाली शेल्याची झोळी. पाठ सरळ राहिली पाहिजे, पंजे जमिनीवर घासता कामा नयेत. सुरुवातीला १० मिनिटं पुरे, आणि गाडीत बांधून निघून जायचं नाही, ती उलटते. डावं चाक करकरतं. तेल घालायचं दर वेळी राहून जातं आणि तोवर मांजर चढलेली असते कणगीवर.