‘काल पैठणला ती सुंदर गायली’ : इंग्रजी क्रियाविशेषण शिकताना आलेला अनुभव

माझे शिक्षण केज तालुक्यातील एका गावच्या शाळेत झाले. राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झाली. त्याआधीच्या आम्हा मुलांची आणि तिची गाठ पाचवीत पडली. क्रियाविशेषणाबद्दल फळ्यावर एकच नियम असे, तो म्हणजे विशेषणाला ‘ली’ जोडावा. त्या नियमाच्या भरवशावर महाविद्यालयात असताना मी उशिराच्या कारणाचा अर्ज लिहिला आणि एस.टी. उशिरा आली हे सांगण्यासाठी ‘द बस केम लेटली’ असे लिहून बसलो. सरांनी त्या शब्दाखाली लाल रेघ ओढून ही बस अलीकडेच सुरू झाली का, असे विचारले. ‘लेट’ म्हणजे उशिरा आणि ‘लेटली’ म्हणजे अलीकडच्या काळात, हे मला त्या दिवशी कळले. ‘हार्ड’ आणि ‘हार्डली’ यांचेही तसेच आहे : पहिल्याने माणूस भरपूर राबतो, दुसऱ्याने जवळजवळ राबतच नाही.

‘ली’ कशाला जोडला आहे, हे आधी पाहावे. विशेषणाला जोडला, तर बहुधा क्रियाविशेषण होते, जसे ‘स्लोली’. नामाला जोडला, तर बहुतेक वेळा विशेषणच होते, जसे ‘फ्रेंडली’ किंवा ‘कॉस्टली’. ‘फास्ट’ला तर काहीच जोडावे लागत नाही, आणि तरीही ‘फास्टली’ लिहिणारा विद्यार्थी मला दरवर्षी भेटतो.

खरी अडचण मात्र आपल्या मराठीच्या सवयीत आहे. ‘तो चांगला गातो’, ‘ती चांगली गाते’ या वाक्यांत ‘चांगला’ हा शब्द गाण्याची रीत सांगतो, पण कर्त्याच्या लिंगाप्रमाणे बदलत असल्यामुळे तो कानाला विशेषणच वाटतो, आणि म्हणून आपण सहज ‘शी सिंग्ज गुड’ म्हणून जातो. इंग्रजीला तेथे ‘वेल’ लागते. याउलट ‘द हुरडा टेस्ट्स गुड’ हे वाक्य अगदी बरोबर आहे, कारण त्यात कोणती क्रिया कशी केली हे सांगितलेले नसून हुरडा कसा आहे हे सांगितलेले आहे; ‘लुक’, ‘स्मेल’, ‘फील’ ही क्रियापदेही या अर्थाने आली की पुढे विशेषणच घेतात.

जागेचा प्रश्न यापेक्षा मोठा आहे. मराठीत क्रियापद शेवटी येते आणि क्रियाविशेषण बहुधा त्याला खेटून बसते : ‘ती इंग्रजी अस्खलित बोलते’. त्यामुळे क्रियापदाला खेटूनच ते ठेवावे असे वाटते आणि ‘शी स्पीक्स फ्लुएंटली इंग्लिश’ तयार होते. पण इंग्रजी क्रियापद आणि त्याचे कर्म यांच्यामध्ये सहसा कोणाला शिरू देत नाही, म्हणून ‘शी स्पीक्स इंग्लिश फ्लुएंटली’. मला स्वतःला उपयोगी पडलेली युक्ती अशी : ‘काल पैठणला ती सुंदर गायली’ या वाक्यात काळ, स्थळ, रीत असा क्रम आहे, इंग्रजीत तो उलटा लावावा, म्हणजे ‘शी सँग ब्यूटिफुली इन पैठण यस्टरडे’ हे सरळ वाक्य मिळते. (‘यस्टरडे’ वाक्याच्या आरंभीही चालते, पण नवख्याने आधी एकच वाट पक्की करावी.) ‘ऑल्वेज’, ‘ऑफन’ यांसारखे वारंवारता दाखवणारे शब्द या रांगेत बसत नाहीत. ते मुख्य क्रियापदाच्या आधी येतात, मात्र ‘इज’, ‘आर’, ‘वॉज’ यांच्या नंतर : ‘ही ऑल्वेज कम्स लेट’, पण ‘ही इज ऑल्वेज लेट’.

आणखी दोन खोडी मराठीतूनच येतात. ‘तो कधीच येत नाही’ यात आपण ‘कधीच’ आणि ‘नाही’ दोन्ही वापरतो, पण ‘नेव्हर’च्या पोटात नकार आधीच असल्याने ‘ही नेव्हर कम्स’ एवढेच पुरते. ‘हार्डली’सोबतही ‘नॉट’ नको. दुसरी खोड ‘च’ची. ‘मी कालच आलो’ हे ‘आय केम यस्टरडे ओन्ली’ असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते आणि समजतेही, परंतु परीक्षेत ‘आय केम ओन्ली यस्टरडे’ लिहावे.

स्पर्धा परीक्षेच्या तयारीत मी व्याख्या पाठ करणे सोडून दिले होते. रोज मराठी वर्तमानपत्रातली पाच वाक्ये घेऊन त्यांतील क्रियाविशेषणांखाली रेघ मारायची, ती वाक्ये इंग्रजीत लिहायची आणि रेघ मारलेला प्रत्येक शब्द कोठून उठून कोठे बसला ते बाणाने दाखवायचे. दोन महिन्यांत वही भरली, आणि बाण काढण्याआधीच जागा कळू लागली.